टाच मागे घेतली की पळणारं मशीन

दिल्ली पोस्टिंगवर लिहा, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. लोकांची अपेक्षा असते परेडची, रायसीना हिलची, फार तर सदर बाजारातल्या गर्दीची. आम्हा ई.एम.ई.वाल्यांना दिल्ली दिसते ती वर्कशॉपच्या शेडमधून. बाहेर धुकं आहे की धूर, हे आतल्या ट्यूबलाइटच्या पिवळेपणावरून ओळखायचं. म्हणून या वेळी लिहितोय ते एका शिलाई मशीनबद्दल. चामडं शिवणाऱ्या.

आमच्या वर्कशॉपपासून सायकलने दहा मिनिटांवर घोड्यांचा तबेला होता. युनिटचं नाव लिहीत नाही, गरजही नाही. सैन्यात अजून घोडे आहेत याचं नागरी मित्रांना नवल वाटतं. जयपूरची ६१ कॅव्हलरी १९५३ साली जुन्या संस्थानांच्या घोडदळांतून उभी राहिली. राष्ट्रपतींचं अंगरक्षक दल तर १७७३ सालचं. जिथे घोडा आहे तिथे खोगीर, लगाम, म्होरकी, तंग, रिकिबीचे पट्टे आले, आणि ते शिवणारा सॅडलर आला. आपल्याकडे अनेक जुन्या गावांत जिनगर गल्ली असते, त्या जिनगराचं मूळ काम हेच. जीन म्हणजे खोगीर.

नोव्हेंबरच्या शेवटी त्या सॅडलर शॉपकडून आमच्याकडे वर्क ऑर्डर आली. ‘हेवी ड्यूटी लेदर स्टिचिंग मशीन, मोटर फॉल्टी.’ खाली पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं, ‘अपने आप चलती है’. स्वतःहून चालते. जानेवारी तोंडावर होता. म्होरक्या, कमरेचे पट्टे, भाल्यांच्या बुडाशी लागणाऱ्या चामड्याच्या खोळा असं बरंच काम अडलेलं. ओ.सी. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “इलेक्ट्रिकल का मामला है, देख लो.”

शॉपमध्ये दोघंच. एक सिव्हिलियन उस्ताद, कानपूरचे, ३१ मार्चला रिटायर होणारे. कानपुरात १८६०च्या दशकात इंग्रजांनी सरकारी हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी काढली. पुढे तिची ऑर्डनन्स इक्विपमेंट फॅक्टरी झाली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ती ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेडमध्ये आहे. त्या शहरात चामड्याचं काम मुलं बघत बघतच शिकतात, तसे उस्ताद शिकलेले. दुसरा आपला एक पोरगा, सांगोल्याकडचा, सॅडलर ट्रेडचा. नोकरी जेमतेम तीन वर्षांची. त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीला पट्टी होती.

“काय झालं रे?”

“सुई गेली सर. नखातून.”

२४ नंबरची सुई. चामड्याच्या सुईचं टोक कापडाच्या सुईसारखं गोल नसतं, ते त्रिकोणी धारेचं असतं, भोसकत नाही, कापत जातं. नखातून शिरून खालच्या बाजूने बाहेर आली आणि टोक मोडून आत राहिलं. एम.आय. रूममध्ये धनुर्वाताचं इंजेक्शन, मग एक्स-रे, मग ते टोक काढणं. त्याने घरी सांगितलं नव्हतं. आईला फोनवर “थंडी आहे, बाकी बरंय” एवढंच. पण तेव्हापासून तो त्या मशीनवर बसत नव्हता. रापीने चामडं कापायचा, आरीने भोकं पाडायचा, मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने शिवायचा. मशीनजवळून जातानासुद्धा बाजूने जायचा. उस्ताद मार्चमध्ये गेल्यावर मशीनवर कोण बसणार, हा प्रश्न मोटरच्या बिघाडाहून मोठा होता, आणि तो वर्क ऑर्डरवर कुठेच लिहिलेला नव्हता.

उस्तादांचं निदान तयार होतं. “साहब, इसमें भूत है.” ते हसत नव्हते.

मशीनबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे जपानी बनावटीचं कंपाउंड फीड मशीन. साध्या मशीनमध्ये खालचे दातेच कापड पुढे ढकलतात. यात दाते, सुई आणि वरचं पाऊल तिघंही माल घेऊन एकदम पुढे सरकतात, म्हणून तीन थरांचं नऊ-दहा मिलिमीटर जाड चामडंही न घसरता जातं. दोरा बॉन्डेड नायलॉनचा. पूर्वी या मशीनला क्लच मोटर होती. टेबलाखाली लटकलेला तो जाडजूड लोखंडी गोळा बऱ्याच जणांनी शिंप्याच्या कारखान्यात पाहिला असेल. अर्धा हॉर्सपॉवर, मिनिटाला साधारण १४४० फेरे, आणि काम चालू असो वा नसो, मोटर दिवसभर घूं घूं फिरतच राहते. पाय दाबला की क्लच चिकटतो आणि मशीन चालतं. हळू चालवायचं असेल तर क्लच अर्धवट घसरवत ठेवायचा. ते कसब पायात यायला वर्षं लागतात.

एक-दोन वर्षांपूर्वी कुणीतरी वीज वाचवायची आणि आवाज कमी करायचा म्हणून ती काढून लोकल परचेसमधून ५५० वॅटची सर्व्हो मोटर बसवली होती. सर्व्हो म्हणजे ब्रश नसलेली डी.सी. मोटर. पेडल दाबाल तेवढीच फिरते, सोडलं की गप्प. सोबत एक डबा, म्हणजे कंट्रोल बॉक्स, आणि पेडलच्या दांडीला जोडलेला एक छोटा सेन्सर. कल्पना उत्तम आहे. गांधीनगरच्या कपड्यांच्या कारखान्यांत आता सगळीकडे हीच दिसते.

माझ्या आधी बाहेरचा एक मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने कंट्रोल बॉक्स बदलला. चार दिवस मशीन नीट चाललं, पाचव्या दिवशी पोराच्या बोटात सुई गेली. मग त्याने सांगितलं, मोटरही बदला. मोटरही बदलून झाल्यावर काय बदला म्हणाला असता, देव जाणे.

मी पहिल्या दिवशी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. स्टूल घेऊन बसलो आणि उस्तादांना म्हटलं, टाकाऊ चामड्यावर शिवा, हात सुईपासून लांब ठेवा. हातात वही आणि घड्याळ. दोन तासांत कळलं की ‘मोटर फॉल्टी’ या दोन शब्दांखाली तीन वेगळ्या तक्रारी दडल्या होत्या. एक, जाड भागावर मशीन अडतं आणि मग एकदम उडी मारतं. दोन, मध्येच थांबतं आणि डब्यावर आकडा लुकलुकतो. तीन, स्वतःहून सुसाट पळतं. ही तिसरी त्या दिवशी माझ्यासमोर एकदाही झाली नाही. डॉक्टरसमोर पेशंटचा ताप उतरावा तसं.

संध्याकाळी नोएडात एका सुभेदार साहेबांना फोन लावला. आमच्याच कोअरमधले, साताऱ्याकडचे, रिटायर होऊन आता तिथल्या चामड्याच्या बॅगांच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतात. नोएडा आणि चामडं हे नातं जुनं आहे, सेक्टर २४मधली फुटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट १९८६ची. साहेबांच्या हाताखाली असल्या शंभर मोटरी रोज फिरतात. मी तिन्ही लक्षणं सांगितली.

“पट्टा काढलास का?”

“नाही साहेब, उद्या काढतो.”

“मग मला फोन कशाला केलास? आधी पट्टा काढ. मोटर वेगळी, मशीन वेगळं. दोघांची भांडणं एकत्र ऐकायची नाहीत.” आणि मग पंधरा मिनिटं घरची चौकशी. दिल्लीतली मराठी माणसं फोन लवकर ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पट्टा काढला. हाताने चाक फिरवून पाहिलं तर एका जागी घट्ट. हुकच्या दांड्यावर नायलॉनच्या दोऱ्याची अंगठी बसली होती, तेलात भिजून दगड झालेली. ब्लेडने कापून काढली. चाक मोकळं झालं. इकडे मोटर एकटी चालवली, २०० फेऱ्यांपासून वरपर्यंत, लोण्यासारखी.

मोटरच्या पोटात तीन हॉल सेन्सर असतात. १८७९ साली एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाला दिसलं की वाहत्या विजेजवळ चुंबक आणलं तर आडव्या दिशेने थोडं व्होल्टेज उभं राहतं. ते तत्त्व आज तुमच्या वॉशिंग मशीनपासून मेट्रोपर्यंत सगळीकडे आहे. मोटरमधले हे तीन सेन्सर डब्याला सांगतात की रोटर आत्ता कुठे आहे. यातला एक गेला तरी मोटर झटके देते. तपासायचं सोपं आहे. मोटरचा दांडा हाताने हळूहळू फिरवायचा आणि तिन्ही तारांवर मीटर लावून पाहायचं. शून्य आणि पाच व्होल्टची सहा वेगवेगळी जुळणी एकामागून एक यायला हवीत. तिन्ही एकदम शून्य किंवा तिन्ही एकदम पाच असं कधीच येता कामा नये. सहाच्या सहा आली. मोटर निर्दोष. वहीत तशी नोंद केली आणि खाली सही केली, म्हणजे ‘मोटर बदला’ हा विषय संपला.

डबा उघडण्याआधी एक गोष्ट, हे वाचून कुणी घरी उघडायला जाईल म्हणून. प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नाही. आत २३० व्होल्टचे डी.सी. होऊन साधारण ३२५ व्होल्ट होतात आणि ते कपॅसिटरमध्ये बसून राहतात. प्लग काढून निदान दहा मिनिटं थांबायचं, मग मीटरने पाहायचं, मगच हात घालायचा. डिस्प्ले विझला म्हणजे सगळं विझलं असं धरायचं नाही.

थांबण्याच्या तक्रारीचं उत्तर वहीतच होतं. आकडा लुकलुकला त्या वेळा मी मांडल्या होत्या. अकरा, अकरा वीस, अकरा पंचेचाळीस, मग जेवणाच्या सुट्टीत काही नाही, मग पुन्हा अडीचला. शेजारच्या शेडमध्ये घोड्यांच्या ट्रेलरची दुरुस्ती चालू होती. तिथला वेल्डर अकराला यायचा. मी प्लगमध्ये मीटर खोचून उभा राहिलो. २२६ व्होल्ट. पलीकडे वेल्डिंगचा चर्र आवाज, आणि इकडे १८२. दोन्ही शेड एकाच लाइनवर, आणि त्यात भर म्हणून मशीनला तीस मीटरची बारीक एक्स्टेन्शन वायर. डब्यासोबत आलेल्या एकपानी माहितीपत्रकात तो आकडा म्हणजे ‘लो व्होल्टेज’. डबा आपलं काम इमानदारीने करत होता. एम.ई.एस.च्या इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र एम.सी.बी.वरून जाड वायर ओढून घेतली, अर्थिंगही नव्हतं तेही झालं. ती तक्रार संपली.

उरली पहिली आणि तिसरी. पहिलीला मी बिघाड म्हणणार नाही. ती निवडच चुकीची होती. सर्व्हो मोटर कपड्याच्या मशीनसाठी बनते, जी मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकतात. चामड्याला लागतात शंभर-दीडशे. म्हणजे मोटरला तिच्या ताकदीच्या अगदी तळाशी चालवायचं, जिथे तिच्यात फारसा जोर नसतो. क्लच मोटरमध्ये तो जड लोखंडी गोळा आधीच फिरत असतो, त्याच्यात साठलेला जोर पहिल्याच टाक्याला मिळतो. उस्ताद म्हणायचे, “पुरानी वाली में दम था,” आणि ते अक्षरशः खरं होतं. सर्व्होला शून्यातून उठून दहा मिलिमीटर चामड्यात सुई घुसवायची असते. ती अडते, डबा करंट वाढवत जातो, सुई पार झाली की तो सगळा करंट मोकळा सुटतो आणि मशीन उडी मारतं.

त्यावर उपाय विजेचा नाही, चाकांचा. मोटर आणि मशीन यांच्यामध्ये एक रिड्यूसर घालायचा. आमच्या टर्नरने एका दांड्यावर दोन पुली बसवून दिल्या, दोन बेअरिंग, एक ब्रॅकेट. मोटरची ५० मिलिमीटरची पुली रिड्यूसरच्या १५० मिलिमीटरच्या पुलीला फिरवते, त्याच दांड्यावरची दुसरी ५०ची पुली मशीनच्या १००च्या चाकाला. मोटर ५०० फेरे मारते तेव्हा सुई मिनिटाला ८३ टाके घालते, आणि घर्षण सोडलं तर जोर सहापट. मोटर तिच्या आवडीच्या वेगात, सुई आमच्या. टर्नरने हे काम दुपारच्या चहाआधी केलं आणि विचारलं, “बस, इतना ही?”

आता भूत.

पेडलचा सेन्सर हा मोटरच्या सेन्सरपेक्षा वेगळा. तोही हॉल सेन्सरच, पण हो-नाही सांगणारा नाही, किती ते सांगणारा. दांडीवर एक छोटं चुंबक, समोर तीन पायांची काळ्या खड्याएवढी चिप. लाल तार पाच व्होल्ट, काळी ग्राउंड, हिरवी सिग्नल. पाय टेकलेला नसताना हिरव्या तारेवर १.२ व्होल्ट. पुढे दाबत गेलं की वाढत वाढत ४.१. टाच मागे दाबली की ०.६, म्हणजे डब्याला खूण की सुई वर घेऊन थांब. मी पन्नास वेळा पेडल दाबलं. आकडे शिस्तीत चढत होते, शिस्तीत उतरत होते.

मग उस्तादांना विचारलं, पळतं तेव्हा तुम्ही नेमकं काय करत असता? ते विचारात पडले. तोंडाने सांगता येईना. मी म्हटलं, सांगू नका, करून दाखवा. मोटर चालू, पट्टा काढलेला, आणि उस्ताद बसले हवेत शिवायला. मीटर ‘मॅक्स होल्ड’वर ठेवला, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा क्षणभर जरी आला तरी तो पकडून ठेवतो. साधा डिजिटल मीटर इतक्या पटकन आलेला आकडा दाखवत नाही. उस्तादांनी शिलाई केली, कोपरा वळवला, शिलाई संपवली, टाच मागे दाबली आणि सवयीने उजवा हात सुईखाली नेला, दोरा कापायला.

मोटर किंचाळली. मीटरवर ४.८.

४.८ हा आकडा त्या सेन्सरमधून नीट जोडणीत येऊच शकत नव्हता. पूर्ण दाबल्यावरही ४.१ होता. मी टेबलाखाली टॉर्च घेऊन आडवा झालो आणि उस्तादांना टाच मागे-पुढे करायला सांगितलं. सेन्सरची केबल कुणीतरी प्लास्टिकच्या पट्टीने टेबलाच्या लोखंडी पायाला करकचून बांधली होती. दांडी पुढे गेली की केबल सैल. टाच मागे दाबली की दांडी उलटीकडे जायची आणि केबल ताणली जायची. दोन वर्षं, दिवसातून शेकडो वेळा. वरचं आवरण शाबूत, पण आतली काळी तार पट्टीच्या कडेला तुटलेली. एरवी दोन टोकं एकमेकांना टेकून असायची. ताण आला की क्षणभर सुटायची.

काळी तार सुटली की काय होतं? सेन्सरचा ग्राउंड जातो. लाल तारेतले पाच व्होल्ट चिपमधून वाट काढत हिरव्या तारेवर चढतात. डब्याला कळतं एवढंच की हिरव्या तारेवर जवळपास पाच व्होल्ट आहेत, म्हणजे माणसाने पाय पूर्ण दाबलाय. चांगल्या प्रतीचे कंट्रोलर साडेचारच्या वर व्होल्टेज दिसलं की हे खोटं आहे असं ओळखून मोटर बंद ठेवतात. या डब्यात ती अक्कल नव्हती.

म्हणजे मशीन पळायचं ते बरोबर त्याच क्षणी, जेव्हा शिवणारा त्याला थांबायला सांगत असतो. आणि टाच मागे घेतली की हात सुईखाली जाणार, कारण दोरा कापायचा असतो. त्या पोराने सगळं बरोबर केलं होतं. शिकवलं तसंच. बाहेरच्या मेकॅनिकने डबा बदलला तेव्हा पेडलचा सेन्सर आणि केबल जुनीच राहिली. केबल सोडून पुन्हा बांधताना तारेची टोकं चार दिवसांपुरती नीट टेकली असणार.

मी पोराला टेबलाखाली बोलावलं. दोघं पाठीवर पडून टॉर्चच्या उजेडात ती केबल बघत होतो. मी ब्लेडने आवरण चिरून काळ्या तारेची दोन टोकं त्याला दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “एवढीशी तार, सर?”

दुसऱ्या दिवशी लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटला गेलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाने या बाजारात पैसे मोजून न्यावेत, नाहीतर महिन्याचा पगार तिथेच राहील. सिलिकॉनची लवचिक तीन पदरी वायर घेतली आणि एक जादा सेन्सर. तो इतका स्वस्त की दुकानदार एक द्यायला तयार नव्हता, दहा घ्या म्हणाला. बाहेर एका टपरीवर ई-रिक्षाचे थ्रॉटल लटकत होते. दिल्लीची ई-रिक्षा तुम्हाला माहीत असेल, २०१५ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन तिला रीतसर मान्यता मिळाली, आणि आता कुठल्याही मेट्रो स्टेशनबाहेर तिच्यातून वाट काढावी लागते. तिच्या हँडलमधला थ्रॉटल म्हणजे हाच हॉल सेन्सर, याच तीन तारा. मी सहज त्या टपरीवाल्याला विचारलं, थ्रॉटलची काळी तार तुटली तर? त्याने मान वरसुद्धा केली नाही. “रिक्शा भाग जाएगी. रोज़ का केस है.” जे शोधायला मला अडीच दिवस लागले, ते त्याला तोंडपाठ होतं.

नवी वायर टाकली, दांडीपाशी एक सैल वळसा ठेवला, क्लिप लावली ती ताण येणार नाही अशा जागी. सोल्डरच्या सांध्यांवर हीट श्रिंक चढवली. गुडघ्याजवळ लाल रंगाचं इमर्जन्सी बटण बसवलं आणि सुईपुढे तारेचं गार्ड. जॉब कार्डवर शेरा लिहिला की पुढच्या खरेदीत पेडल सेन्सरचा दोष ओळखणाराच कंट्रोलर मागवावा. आणखी एक-दोन जुगाड डोक्यात होते, पण जिथे माणसाचं बोट आहे तिथे मंजुरीशिवाय फेरफार करायचे नाहीत, याबाबत मी जुन्या मताचा आहे.

मग मॅक्स होल्ड लावून उस्तादांकडून तासभर शिवून घेतलं. टाच मागे, पुढे, मागे. ४.१च्या वर आकडा गेला नाही.

पोरगा दाराशी उभा होता. उस्ताद उठले, स्टूल फडक्याने पुसलं आणि बाजूला सरकले. कुणी त्याला बस म्हटलं नाही. पाचेक मिनिटं गेली असतील. मग तो पुढे आला.

“सर, मी बसतो. पण तुम्ही मेन स्विचपाशी उभे राहा.”

“राहतो.”

“बोट स्विचवरच ठेवा.”

“ठेवलंय.”

त्याने दोन थरांचा पट्टा घेतला, सुई हाताने चाक फिरवून आत उतरवली, आणि पाय टेकला. टक, टक, टक. रिड्यूसरमुळे इतकं हळू की टाके मोजता येत होते. वीतभर गेला. टाच मागे घेतली आणि दोन्ही हात वर करून बसला, कुणीतरी ‘हँड्स अप’ म्हटल्यासारखे. सुई वर येऊन थांबली होती. उस्तादांनी कात्री पुढे केली. त्याने मेन स्विचकडे एकदा पाहिलं, मग दोरा कापला. मी त्या दिवशी दुपारपर्यंत स्विचपाशी उभा होतो. साहेबांचा फोन आला तेव्हा ‘टेस्टिंग चालू आहे’ असं कळवलं, आणि ते खरंच होतं.

काम जानेवारीआधी उरकलं. सगळं मशीनवर नाही. तंग आणि रिकिबीचा पट्टा उस्ताद मशीनवर शिवूच देत नसत, आधीही नाही आणि नंतरही नाही. मशीनचा टाका म्हणजे वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले. एक तुटला तर शिलाई उसवत जाते. हाताच्या सॅडल टाक्यात एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी जातो. एक टाका झिजून तुटला तरी शेजारचे धरून राहतात. “इस पे आदमी की जान है,” उस्ताद म्हणायचे, आणि मेणाचा गोळा पोराकडे फेकायचे. पोराला दोन्ही आलं पाहिजे, मशीन आणि दोन सुया, हा त्यांचा मार्चपर्यंतचा कार्यक्रम होता, आणि त्यांनी तो निर्दयपणे राबवला. पट्टीतल्या बोटाला सवलत नव्हती.

सुभेदार साहेबांना निकाल कळवला तेव्हा ते म्हणाले, “पट्टा काढलास म्हणून सापडलं.” खरं तर पट्ट्याचा आणि काळ्या तारेचा काही संबंध नव्हता, पण मी हो म्हटलं.

आता एवढंच राहिलं. जुनी क्लच मोटर स्टोअरला जमा करायची म्हणून मी आठवडाभर मागे लागलो होतो, कागदही तयार केले होते. उस्ताद रोज उद्या म्हणायचे. मार्चमध्ये ते निघाले, एप्रिलमध्ये मी हिशेब जुळवायला शॉपमध्ये गेलो, तर टेबलाखाली ती होती तिथेच, गोणपाटात नीट गुंडाळलेली, वर ताजं तेल. पोराला विचारलं, ही अजून इथे कशी?

“उस्ताद म्हणून गेलेत सर,” तो म्हणाला, “की सर आले तर चहा द्यायचा आणि विषय बदलायचा.”

चहा चांगला होता.